ताट पुढे सरकवू नका

प्रश्न : ताई, आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, असतं. आदल्या रात्री मी स्वतःची तपासणी करायला बसते आणि इतकं काही आठवतं की वाटतं आपण लायकच नाही. गेले चार महिने भाकरीचं ताट आलं की तसंच शेजारणीकडे सरकवते. त्यात सासूबाईंच्या दवाखान्याच्या खर्चावरून जाऊबाईंशी नाताळपासून बोलणं बंद आहे. काय करू?
– एक भगिनी, नाशिकरोड

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. आधी बायबलमधलं ते वचन नीट बघू, १ करिंथ ११, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. पौल म्हणतो, माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी बसावं असं म्हणत नाही हो! आणि तिथेच तो 'अयोग्य रीतीने' खाण्याबद्दल बजावतो, ती कशी रीत, तर तिथे करिंथात ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन घ्यायचे, कुणी पिऊन तर्र, आणि गरीब भाऊबहीण उपाशी, त्यावरून तो रागावलाय. लायक माणूस तर त्या मेजावर कधीच कुणी आला नाही, मीही नाही.

दुसरं, तुम्ही रात्री एकट्याच बसता, वकीलही तुम्हीच आणि जजही तुम्हीच. स्तोत्र १३९ मध्ये दावीद देवालाच म्हणतो, तू माझी झडती घे. लोयोलाच्या इग्नेशियस या कॅथलिक संताने सोळाव्या शतकात रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यात पहिली पायरी पापांची नाहीच, आभारांची आहे, दिवसभरात देवाने काय काय दिलं ते आधी आठवायचं, मग आपलं पाप दिसावं म्हणून त्याच्याकडेच कृपा मागायची, मग दिवस तपासायचा. आपल्या प्रोटेस्टंटांतले बरेच जण हे कॅथलिकांचं म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही.

माझं सांगते. मी वही ठेवायचे, त्यात तीन आठवडे रोज एकच शब्द, 'राग'. रडायचे, झोपायचे, सकाळी परत तेच. मग एका रात्री लिहिलं, 'गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्या मावशीला तिच्या मुलीदेखत नको ते बोलले.' एवढं लिहिल्यावर काय करायचं ते कुणाला विचारावंच लागलं नाही. पुढच्या बुधवारी गेले, मुलगी तिथेच होती, तिच्यासमोरच माफी मागितली. मावशी म्हणाली, "अगं बस जरा, उन्हात कशाला उभी," आणि पोत्यावर जागा करून दिली.

तुमच्या यादीतलं बाकी सगळं अंधुक आहे पण जाऊबाई एकदम स्पष्ट आहेत, तेव्हा तिथूनच सुरू करा. मत्तय ५ मध्ये प्रभू सांगतो, अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. जाणं आहे तसं परत येणंही आहे. पैशाचा हिशोब त्या दिवशी काढूच नका, फक्त तुम्ही जे बोललात तेवढ्याचीच माफी मागा, 'पण तुम्ही पण' हे शब्द तोंडात आले तर गिळून टाका.

त्यांनी दार उघडलं नाही तरी रोम १२ मध्ये 'तुमच्याकडून होईल तितकं' असंच लिहिलंय, तुमच्या बाजूचं झालेलं असेल. पहिल्या रविवारी ताट आलं की हात पुढे करा. आणि काय झालं ते मला जरूर कळवा, मी तुम्हा दोघींसाठी रोज प्रार्थना करतेय.