दुबईला निघताना: बॅगेतली खसखस आणि इतर शंका

कोल्हापुरात परतून औषधांचे दुकान थाटण्यापूर्वी १७ वर्षे मी दुबईत, बर दुबई भागातल्या एका फार्मसीत काम केले. हे ठाऊक असल्यामुळे मुलाकडे, लेकीकडे किंवा सहलीला तिकडे निघालेली माणसे गोळ्या घ्यायला येतात आणि जाता जाता चार प्रश्न विचारतात. मे महिना असो वा दिवाळी, प्रश्न तेच आणि त्यामागचे गैरसमजही तेच असल्याने त्यांतील काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : पासपोर्टची मुदत चार महिन्यांनी संपते. आठ दिवसांच्या सहलीला तो चालेल का? (शाहूपुरी)

चालणार नाही. सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, म्हणून आधी नूतनीकरण करून घ्या आणि मगच तिकीट काढा.

प्रश्न : एजंटाने ‘दुबईजवळ’ म्हणून शारजातले हॉटेल दिले आहे, ते बरेच स्वस्त पडते. पाच दिवसांत पायी फिरून दुबई पाहून होईल का? (इचलकरंजी)

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून चालत बिंदू चौकात यावे, तशी दुबई पायी पाहता येत नाही. हे शहर एका मध्याभोवती वाढलेले नसून समुद्रकिनाऱ्याला धरून लांबच लांब पसरलेले आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोची मूळ रेड लाइनच सुमारे ५२ किलोमीटरची आहे, म्हणजे कोल्हापुरातून निघालेला माणूस तेवढ्या अंतरात सांगलीला पोचतो. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा खिडकीतून अगदी समोर दिसतो, पण मध्ये शेख झायेद रोडच्या दोन्ही बाजूंच्या अनेक मार्गिका असतात आणि नेमून दिलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडल्यास दंड होतो.

शारजा ही तर वेगळी अमिरात आहे. तेथे दुबईची मेट्रो जात नाही, सकाळ-संध्याकाळ दोन्ही शहरांमधल्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते आणि हॉटेलात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. शारजात मद्यबंदी आहे, हेही काही सहलकरी मंडळींना तेथे पोचल्यावरच कळते आणि मग एजंटाचा उद्धार होतो. ‘जवळ’ हा शब्द ऐकून पैसे भरू नका. हॉटेलचे नाव आणि सर्वांत जवळच्या मेट्रो स्थानकाचे नाव लेखी मागा, आणि ते देण्यास टाळाटाळ झाली तर दुसऱ्या एजंटाचा सल्ला घ्या.

शहर भागाभागाने पाहावे. एक दिवस खाडीसाठी राखून ठेवा : अल फहिदीची जुनी वस्ती, तेथून एका दिरहमात अब्रा नावाच्या होडीने पलीकडे देरा आणि तिथला मसाल्यांचा व सोन्याचा बाजार. दुसरा दिवस बुर्ज खलिफा आणि दुबई मॉलचा, तिसरा किनाऱ्यावरच्या दुबई मरीना भागाचा. मेट्रोत महिला व मुलांसाठी राखीव जागा असते, आणि डब्यात खाणे-पिणे, च्युइंगम चघळणेसुद्धा दंडास पात्र आहे, तेव्हा भडंगाची पुडी स्थानकाबाहेर आल्यावरच सोडा.

प्रश्न : पुढच्या जुलैत निम्म्या दरात पॅकेज मिळते आहे. वडील ६८ वर्षांचे असून त्यांना रक्तदाब व मधुमेह आहे. ‘सगळीकडे एसी असतो’ असे एजंट म्हणतो. (जयसिंगपूर)

दर निम्मा का आहे, हे एजंटाने सांगितलेले दिसत नाही. जून ते सप्टेंबर पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि वाळवंट म्हणून हवा कोरडी असेल ही समजूतही खोटी ठरते, कारण शेजारच्या आखाताचा दमटपणा अंगावरचा घाम वाळू देत नाही. घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना तेथील सरकार १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती देते, त्यावरून काय ते समजावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अशा हवेत अंगातले पाणी लवकर कमी होते, म्हणून वडिलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग करू नका. इन्शुलिन घेत असतील तर ते गाडीत ठेवून मॉलमध्ये जाऊ नये. मला विचाराल तर नोव्हेंबर ते मार्च हाच काळ योग्य. एसी सगळीकडे असतो हे मात्र खरे, आणि तो इतका गार असतो की एक शाल सोबत हवीच.

प्रश्न : सुनेचे पहिलेच बाळंतपण दुबईत आहे. डिंकाचे लाडू, अनारसे आणि घरची कांदा-लसूण चटणी न्यायची आहे. मोठ्या बॅगेत ठेवले तर कोणी पाहत नाही, असे चुलत दीर म्हणतात. (कसबा बावडा)

चुलत दिरांनी सांगितलेले कृपया विसरा. आपण लिहिलेल्या तिन्ही पदार्थांत एक जिन्नस समान आहे आणि तो म्हणजे खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. खसखस हे अफूच्या बोंडातलेच बी आहे, बोंडाच्या चिकाचा सूक्ष्म अंश तिला लागलेला असू शकतो, आणि तेथील कायदा तिच्याकडे मसाला म्हणून न पाहता अमली पदार्थाच्या नजरेने पाहतो. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, हा बचाव तेथील अधिकाऱ्यापुढे टिकत नाही. मोठ्या बॅगाही यंत्रातून जातात, आणि बॅगेवर आपलेच नाव असते.

‘चटणीत जेमतेम वाटीभर असते’, ‘भाजून कुटली की ओळखू येत नाही’, ‘आमच्या जावेने तीनदा नेली’ ही तीन वाक्ये मी दर दिवाळीला ऐकतो आणि दर वेळी माझा रक्तदाब वाढतो. जावेची बॅग तीनदा उघडली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशाच घरच्या मसाल्यापायी विमानतळावर अर्धा दिवस बसवून ठेवले होते. म्हाताऱ्या आईला ना अरबी येत होते ना इंग्रजी, आणि आपला गुन्हा काय हेच तिला उमगत नव्हते.

खसखस वगळली म्हणून लाडूचे काही बिघडत नाही; डिंक, खारीक, खोबरे पुरेसे आहे. अनारसे तिळावर थापा. चटणी नेण्यासाठी वेगळी कुटून घ्या आणि कांडपवाल्याला स्पष्ट सांगा, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला यंत्रात राहिलेला असतो. विकतच्या पाकिटावर ‘पॉपी सीड्स’ हे शब्द शोधा, आणि ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ असे सोनेरी अक्षरांत छापले आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पांढऱ्या रश्शासाठी तिथल्या आपल्या बायका काजू आणि तीळ वाटतात, तसा सुनेलाही करता येईल. गुटखा आणि विड्याची पानेही नेऊ नयेत. शेजाऱ्यांचे बंद पार्सल तर अजिबात नको, मग ते कितीही जुने शेजारी असोत. एखाद्या जिन्नसाबद्दल शंका राहिली, तर विमान कंपनीला किंवा दुबई कस्टम्सला लेखी विचारा. उत्तर आले नाही तर तो जिन्नस घरी ठेवा.

प्रश्न : आईला नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू आहे. गोळ्या डबीत काढून न्याव्यात का? (गडहिंग्लज)

डबीत काढू नयेत. ही दोन्ही औषधे तेथे नियंत्रित यादीत मोडतात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक यांचेही तसेच. अशा औषधांसाठी प्रवासाआधी अमिरातीच्या सरकारकडून ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी व आजाराचा दाखला लागतो. निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या दुकानात येऊन ‘काहीतरी लिहून द्या’ म्हणणाऱ्यांना मी रिकाम्या हाती परत पाठवतो. तीन-चार आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटा, ते कदाचित औषध बदलूनही देतील. मात्र परवानगीच्या भीतीने स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, कारण ही औषधे एकदम थांबवणे धोक्याचे असते.

प्रश्न : तिकडे सोने स्वस्त, मग आठ दिवसांच्या सहलीत पाटल्या आणता येतील का? (राजारामपुरी)

दागिन्यांवरची सीमाशुल्क सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या पाहुण्यांसाठी नाही. शुल्क, घडणावळ आणि तेथील ५ टक्के व्हॅट (त्याचा परतावा मिळतो, पण विमानतळावर वेळ काढावा लागतो) धरून हिशेब करा, कस्टम्सकडून चालू दर विचारून घ्या, आणि मग आपल्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एक चक्कर मारा.

प्रश्न : तेथून व्हॉट्सॲपवर बोलता येते का? चार्जर चालतो का? (कागल)

संदेश जातात, कॉल साधारणपणे लागत नाही. चार्जरला ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मुंबईहून रात्रीचे विमान आहे. सकाळी गाडीने निघालो तर पोचू ना? (शिरोली)

आपण शिरोलीचे असून हे मला विचारता? २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी आपल्याच गावाजवळ महामार्गावर आले होते आणि वाहतूक बंद पडली होती. ऑगस्टमध्ये एक दिवस आधी मुंबईत मुक्कामाला जावे, निघण्यापूर्वी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहावी आणि ती वाढत असेल तर विमान कंपनीकडे तारीख बदलण्याची चौकशी त्याच दिवशी करावी, कारण पूर येणार हे दोन दिवस आधी दिसत असते.