युटात येणाऱ्या शिक्षिकेला

ताई, तुम्ही विचारलंत: मिस्टरांना अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला नोकरी लागलीय, सांगलीतली बारा वर्षांची शाळा सोडून आले तर माझं शिकवणं संपलं का? आणि तिथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत आपला निभाव लागेल का?

मी सात वर्षं इथे आहे. आधी कडू ते सांगते. एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो त्यावर, पगारी नोकरी करता येत नाही. मिस्टरांच्या ग्रीन कार्डचा आय-१४० हा टप्पा मंजूर झाला की साधारण तेव्हा नोकरीच्या परवान्याचा अर्ज करता येतो. बी.एड. असलं तरी पदव्यांचं मूल्यांकन आणि राज्याचं लायसन्स लागतंच. त्यामुळे गुणपत्रिका विद्यापीठातून सीलबंद करूनच आणा. माझं हे राहिलं आणि वर्ष वाया गेलं.

त्या वर्षात मला धीर दिला तो मेरी जेन डिलवर्थनं. पेनसिल्व्हेनियातली मुलगी, मॉर्मन घरातली. इलिनॉयमधून या लोकांना हुसकावून लावल्यावर १८४७च्या उन्हाळ्यात गाड्यांच्या तांड्याबरोबर ती निघाली आणि ऑक्टोबरात इथे पोचली. हा मुलूख तेव्हा मेक्सिकोचा, म्हणजे तीही परदेशातच आली की! वय सोळा. घरं उभी राहायची होती, तरी त्याच महिन्यात एका जुन्या लष्करी तंबूत तिनं शाळा उघडली. मुलांना बसायला ओंडके, बाईंचं टेबल म्हणजे घडीचं स्टूल. पहिल्या दिवशी नऊ मुलं. युटातली ही पहिली शाळा. पुढच्या वर्षी लग्न, १८५१ मध्ये नवऱ्याबरोबर धर्मप्रचाराला हवाई बेटांवर, तिथून परत डोंगरातल्या हंट्सव्हिलला. तिथेच १८७७ मध्ये ती गेली.

त्या ओंडक्यांचं वाचलं आणि पुढच्याच शनिवारी मी बेसमेंटमध्ये सतरंजी घातली, कपाटाच्या दाराला बाराखडी चिकटवली. चार मुलं आली. फी नाही. एकानं जीभ बाहेर काढून ‘ळ’ गिरवला, तो अजून त्या दारावर आहे.

शेजाऱ्यांची भीती नको. पहिल्याच आठवड्यात शेजारीण घरचा गरम पाव घेऊन आली. मी चहा केला, तिनं कपाला हातही लावला नाही. मला फार लागलं. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य, हे नंतर कळलं. तुम्ही दूध किंवा सरबत विचारा.

पोचलात की कळवा. वर्ग शनिवारी दहाला भरतो, आता अकरा मुलं आहेत आणि मोठ्यांना शिकवायला मला एक बाई हव्याच आहेत.