मित्र विचारतात, ‘मग, सध्या काय चालू?’

“मॅडम, नातेवाइकांचं मी मनावर घेत नाही. पण कॉलेजच्या मित्राचा फोन वाजला की छातीत धडधडायला लागतं.” पंचविशी ते तिशीतली मुलं-मुली समुपदेशनाला येतात तेव्हा हे वाक्य थोड्याफार फरकाने सतत कानावर पडतं. मित्र वाईट आहेत अशी तक्रार नसते. प्रश्नही साधेच असतात. सध्या काय करतोस? पॅकेज किती? रिझल्टचं काय झालं? लग्नाचं बघताहेत का घरचे? ज्याच्याकडे सांगण्याजोगं उत्तर असतं, त्याच्यासाठी या गप्पा असतात. ज्याच्याकडे नसतं, त्याला तेच शब्द टोचतात, आणि आपल्याला टोचतंय याचीही त्याला लाज वाटते.

अशाच एका मुलाला आपण महेश म्हणू. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातला, २०१८ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. वर्षभर चाकणला एका कंपनीत ट्रेनी म्हणून काढलं आणि मग एमपीएससीची राज्यसेवा परीक्षा द्यायची म्हणून पुण्यात आला. नवी पेठेत कॉट बेसिसवर जागा, जवळच मेस, दिवसभर अभ्यासिका. पहिली पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला होणार होती. कोरोनामुळे ती पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली आणि परीक्षा तीन दिवसांवर आली असताना तीही पुढे ढकलल्याचं कळलं. ११ मार्चला पुण्यात जी मुलं रस्त्यावर बसली, त्यांत महेश होता. शेवटी २१ मार्चला ती परीक्षा झाली. त्यानंतर एकदा पूर्व हुकली, एकदा मुख्य थोड्या गुणांनी गेली, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्याय निवडण्याची सवय लागलेल्या मुलांना पानंच्या पानं उत्तरं लिहायची तयारी नव्याने करावी लागली. खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २०१६ मध्ये ३३ वरून ३८ झाली. त्यामुळे अनेकांना संधी मिळाली हे खरंच, पण ‘आता बस’ असं बाहेरून सांगणारं लवकर कोणी उरलं नाही. तो निर्णय मुलांना स्वतःच घ्यावा लागतो, आणि तो घेताना बरोबरीचे सगळे कुठल्या कुठे गेलेले दिसतात.

महेशच्या हॉस्टेलच्या ग्रुपमधला एक हिंजवडीत, एक शिकायला जर्मनीला गेला तो तिथेच नोकरीला लागला, एकाने इस्लामपूरला वडिलांचं दुकान सांभाळलं, एक बँकेत. बँकेतल्या मित्राचं कोल्हापूरला लग्न झालं. महेशने ‘टेस्ट सिरीज आहे’ असं कळवलं आणि तो दिवस अभ्यासिकेत काढला. पुस्तक उघडं होतं, एक पानही पुढे गेलं नाही. रात्री ग्रुपवर फेट्यातले फोटो आले आणि त्याने ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवसापासून मित्रांचे फोन यायला लागले. त्याने एकही उचलला नाही. अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या मुलाने त्याला माझ्याकडे आणलं.

पहिल्या भेटीत मी झोप, जेवण विचारते आणि जगणं नकोसं वाटतं का, मरणाचे विचार येतात का, हेही आडवळण न घेता विचारते. या विचारण्याने कोणाच्या डोक्यात भलतंसलतं भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. महेशची झोप तुटक होती, पण तसे विचार नव्हते. हे वाचताना कोणाच्या मनात ते येत असतील, तर समुपदेशकाच्या भेटीची वाट बघत बसू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

महेशचं म्हणणं होतं, “सगळे सारखे तेच विचारतात.” मी म्हटलं, मेसेज काढ आणि गेल्या वर्षभरातले प्रश्न मला वाचून दाखव. ग्रुप सोडला तरी जुने मेसेज फोनमध्ये होतेच. तो वाचायला लागला. वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्रिकेट, कुठले तरी व्हिडिओ, पुन्हा वाढदिवस. त्याला उद्देशून विचारलेले प्रश्न त्याच्या अंदाजापेक्षा फारच थोडे निघाले. ‘मग साहेब, पोस्टिंग कुठे?’ असं विचारणारा एकच होता, हिंजवडीतला, आणि तो इतरांनाही त्याच थाटात पॅकेज, गाडी, फ्लॅट विचारत होता. बाकीचे बरेचसे प्रश्न एका जुन्या रूममेटचे होते, इस्लामपूरच्या. त्याला नितीन म्हणू. ‘गावी आलास तर फोन कर.’ ‘आईचा गुडघा कसा आहे?’ ‘आज निकाल होता ना?’ या सगळ्यांना महेशचं उत्तर एकच होतं, ‘चाललंय निवांत’, आणि पुढे अंगठा.

‘आज निकाल होता ना?’ वाचून तो थांबला. म्हणाला, “मॅडम, याने तारीख लक्षात ठेवली होती.”

माणूस स्वतःला सगळ्या जगाशी ताडून बघत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं, की आपण स्वतःची तुलना करतो ती आपल्यासारख्यांशी, आणि अंतर वाढत गेलं की तुलनेची ओढ कमी होते. क्लासच्या फ्लेक्सवरचा राज्यात पहिला आलेला मुलगा महेशला टोचत नव्हता. ज्याने त्याच्याच वहीतून प्रॅक्टिकल उतरवलं, त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट टोचत होता. म्हणून काकांनी लग्नात चारचौघांत विचारलेलं विसरता येतं आणि मित्राने प्रेमाने विचारलेलं रात्रभर डोक्यात फिरतं. आपलं मन कोतं झालंय असं या मुलांना वाटतं. मी त्यांना सांगते की तसं नाही, जवळ असल्यामुळेच ते लागतं.

मग मी महेशला विचारलं, “यात तू विचारलेले प्रश्न कुठे आहेत?”

तो बराच वेळ स्क्रीन वर सरकवत राहिला. दोन वर्षांत त्याने कोणालाच काही विचारलं नव्हतं. कारण त्याने लगेच सांगितलं, “मी विचारलं की ते उलट विचारणार.” मधे नितीनच्या वडिलांची बायपास झाली होती. ग्रुपवर एका ओळीत आलं होतं. महेशने जोडलेले हात टाकले होते. ऑपरेशन कुठे झालं, दुकान कोण बघत होतं, पैशांचं कसं केलं, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. हॉस्टेलला असताना हेच वडील येताना दोघांसाठी डबा आणायचे.

मला या सगळ्या प्रकरणातला खरा तोटा हा वाटतो. प्रश्नाचा त्रास होतो हे दिसतं. पण प्रश्न चुकवण्याच्या नादात आपण विचारणंही थांबवतो, हे लक्षात येत नाही. मग दुसऱ्याचं काय चाललंय ते कळत नाही, फक्त फोटो दिसतात. फोटोंत सगळ्यांचं बरंच चाललेलं असतं, त्यामुळे आपलं आणखी वाईट वाटतं आणि आपण आणखी गप्प होतो.

ग्रुपमध्ये परत जा, असं मी त्याला सांगितलं नाही. एकच काम दिलं: नितीनला फोन करायचा आणि सुरुवात वडिलांच्या तब्येतीपासून करायची. तो उलट विचारणार हे धरून चालायचं आणि आपलं उत्तर आधीच ठरवून ठेवायचं. ते उत्तर आम्ही बसून लिहिलं. महेशचा पहिला मसुदा पानभर झाला होता. पॅटर्न कसा बदलला, किती गुणांनी गेलं, कोणत्या पेपरने घात केला. मी विचारलं, हे नितीनला सांगतोयस की स्वतःची बाजू मांडतोयस? खोडत खोडत शेवटी एवढं राहिलं: ‘पूर्व निघाली, मुख्य निघाली नाही. अजून एकदा देणार आहे. निकाल लागला की मीच सांगेन, तोवर त्याचं विचारू नकोस. बाकी काहीही विचार.’

यातल्या शेवटच्या दोन वाक्यांवर माझा फार भर असतो. नुसतं ‘विचारू नकोस’ म्हटलं की समोरचा दुरावतो. कशाबद्दल विचारायचं नाही आणि कशाबद्दल चालेल, हे दोन्ही सांगितलं की मित्रालाही सुटका मिळते. अनेकदा त्यालाही कळत नसतं की निकालाचं विचारावं की न विचारावं.

फोन झाला. नितीन आधी चिडला. “लग्नाला आला नाहीस, फोन उचलला नाहीस, न सांगता ग्रुप सोडलास. आम्हाला वाटलं, साहेब व्हायच्या आधीच आम्हाला विसरला.” महेश ज्याला लाज समजत होता, ते मित्रांपर्यंत माज म्हणून पोचलं होतं. असं मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. गप्प राहणाऱ्याच्या मनात काय आहे हे समोरच्याला दिसत नाही, तो आपल्या परीने अर्थ लावतो. चिडून झाल्यावर दोघं बराच वेळ बोलले, बहुतेक ऑपरेशनबद्दल आणि दुकानाबद्दल. परीक्षेचा विषय एकदा निघाला, ठरवलेलं उत्तर दिलं गेलं, आणि तिथेच संपला.

हिंजवडीतल्या मित्राचं काय करायचं? त्याच्याबद्दल महेशच्या मनात राग होता. माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कॅम्पस झाला की गेटवर फ्लेक्स लागतात, फोटोखाली नाव, नावाखाली कंपनी आणि लाखांचा आकडा. चार वर्षं हे बघितलेली मुलं पुढे एकमेकांना आकडाच विचारतात. त्यात प्रत्येक वेळी खवचटपणा नसतो. म्हणून उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. ‘पगाराचं मी कोणाशी बोलत नाही. तुझं काय चाललंय ते सांग’ एवढं हसून म्हणता येतं. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणायचं, नवीन कारण शोधायचं नाही. दरवेळी नवं कारण दिलं की समोरच्याला ते खोडायला जागा मिळते.

काही प्रश्न मात्र वेगळ्या जातीचे असतात. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेल्या, मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या मुली येतात. त्यांच्या मैत्रिणी ग्रुपवर सहज लिहितात, ‘आता गुड न्यूज दे बाई.’ तिथे मी मोकळं बोलायचा आग्रह अजिबात धरत नाही. इंजेक्शनं, तपासण्या, घरातली बोलणी हे सगळं चालू असताना तिने ग्रुपला का समजवायचं? ‘या विषयावर मला बोलायचं नाही, बोलावंसं वाटलं तर मीच बोलेन’ हे वाक्य पुरेसं आहे. तेही जड जात असेल तर एका जवळच्या मैत्रिणीला सांगून ठेवावं, ती बाकीच्यांना बाजूला घेऊन सांगते. नोकरी गेलेल्यांना आणि घटस्फोट चालू असलेल्यांनाही मी हाच मार्ग सुचवते.

हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो, की मित्रांना खासगी काही विचारूच नये. तो मला पटत नाही. विचारणं बंद झालं तर मैत्रीत शुभेच्छा आणि फॉरवर्ड तेवढे उरतील. विचारावं, पण ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही, एकट्याला. आधी आपलं काहीतरी खरं सांगावं, मग त्याचं विचारावं. एकदा विचारून उत्तर आलं नाही तर विषय सोडावा आणि पुढच्या वेळी आईच्या गुडघ्याचं विचारावं. नितीन हेच करत होता, कोणी न शिकवता.

महेशने आणखी किती वेळा परीक्षा द्यायची, हा प्रश्न आमच्यात अजून चालू आहे. त्याने यावेळी एमपीएससीच्याच संयुक्त गट-ब परीक्षेचा अर्जही भरला आहे आणि स्वतःसाठी एक मर्यादा ठरवली आहे. ती त्याने घरी सांगितलेली नाही, नितीनला सांगितली आहे. काही दिवसांनी त्याने नितीनलाच सांगून स्वतःला ग्रुपमध्ये परत घ्यायला लावलं. हिंजवडीतल्या मित्राने त्याच दिवशी विचारलं, ‘मग साहेब, पोस्टिंग कुठे?’ महेशने लिहिलं, ‘अजून परीक्षाच चालू आहे. तुझ्या मुलीचं बारसं कधी?’ लगेच तारीख आली, हॉलचा पत्ता आला, ‘यावेळी ये रे’ असंही आलं. त्याने जायचं ठरवलं आहे. बारशाला मित्राचे वडील, काका सगळे असणार, त्यांना काय सांगायचं, ते आम्ही पुढच्या भेटीत बसून लिहिणार आहोत.