बेताच्या मिळकतीत व्हॅनमधला संसार: वाचकांचे प्रश्न

व्हॅनमध्ये राहायचं ठरवणाऱ्या वाचकांची पत्रं चाळली. बहुतेकांना पलंग, पडदे आणि स्वयंपाकाचा ओटा यांबद्दल विचारायचंय. गाडीबद्दल विचारणारं पत्र एकच निघालं, म्हणून पहिला मान त्याला.

प्रश्न: थोडी शिल्लक आहे, महिन्याला थोडीशीच पण पक्की मिळकत आहे. सगळी शिल्लक घालून जरा बरी व्हॅन घ्यावी, की स्वस्तातली घेऊन बाकी पैसे हाताशी ठेवावेत?

स्वस्तातली घ्या. शिल्लकीच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम खरेदीत घालू नका. घराचा नळ गळला तर आपण घरातच असतो आणि प्लंबर येऊन जातो. व्हॅन बिघडली की ती गॅरेजात जाते आणि तुम्ही पिशवी घेऊन रस्त्यावर उभे. त्यामुळे दुरुस्तीसाठी पैसे राखताना त्या चार-पाच रात्री दुसरीकडे झोपण्याचा खर्चही त्यात धरा.

पण स्वस्त म्हणजे कसलीही नव्हे. गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगा, की मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर सकाळी थंडपणी सुरू होताना ते काय कुरकुर करतं हे तुम्हाला कळणारच नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) इंजिनाच्या सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी. असली गाडी तिथेच सोडून परत या. खाली वाकून चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), चाकांच्या कमानी आणि दाराखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा गंज घासून निघतो, पण टोक आत घुसलं तर पत्रा संपलाय. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी जुनं रबर कडक होऊन तडकतं. गाडीला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा, ठरावीक काळाने बदलावा लागणारा पट्टा) असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजून किंमत कमी करून मागा. शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला पैसे देऊन तपासून घ्या. मालकाच्या ओळखीचा नको.

प्रश्न: मला सुतारकाम येत नाही. राहायला जाण्याआधी आतलं किती काम करून घ्यावं?

जवळजवळ काहीच नाही. गादी, झाकणाचे दोन खोके, पाण्याचा कॅन, खिडक्यांना जाड पडदे. एवढ्यावर महिनाभर राहा. मी पहिल्या व्हॅनमध्ये तीन आठवडे खपून कपाट बसवलं, आणि दहाव्या दिवशी लक्षात आलं की मागचं दार आतून उघडायला जी जागा लागते तीच त्या कपाटाने खाल्ली आहे. ते उखडून काढलं त्याच महिन्यात क्लच गेला, आणि प्लायवुडला गेलेले पैसे आठवून फार वाईट वाटलं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा: गादी थेट पत्र्यावर किंवा सलग फळीवर टाकू नका. खाली पट्ट्यांची चौकट हवी, म्हणजे हवा फिरते. नाहीतर अंगाची ऊब आणि खालचा थंड पृष्ठभाग यांच्यामध्ये पाणी धरतं आणि काही आठवड्यांत गादीला बुरशी येते.

प्रश्न: दिवा, मोबाइल, छोटा पंखा आणि लॅपटॉप. एवढ्यासाठी किती सोलर लागेल?

हिशोब बारा व्होल्टच्या अँपिअर-तासांत करा, म्हणजे अँपिअर गुणिले तास. २ अँपिअरचा पंखा १० तास चालला तर २०. लॅपटॉप ५० वॉटने ३ तास म्हणजे साधारण १३. दिवा आणि मोबाइल मिळून ५. एकूण ३८. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, त्याहून खाली गेलात तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे ३८ च्या दुपटीहून जरा मोठी, १०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी, आणि ती भरायला एका १०० वॉटच्या पॅनलने रोज जेमतेमच पुरेल. ढगाळ दिवसांत तेवढंही नाही. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज बसवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक हे हसण्यावारी नेतात, पण शॉर्ट झालेली तार तेवढ्यावरही लाल होऊन पेट घेते.

बॅटरीवर पाणी तापवायचं मात्र डोक्यातून काढा. १५०० वॉटची किटली त्या बॅटरीतून १२५ अँपिअरहून जास्त ओढेल. आणि खरं सांगू? कामाच्या ठिकाणी किंवा वाचनालयात चार्जिंग होत असेल तर पहिले सहा महिने एक पॉवर बँक आणि बॅटरीवरचा दिवा पुरतो.

प्रश्न: थंडीत आतच गॅसची शेगडी लावून ऊब घेतली तर चालेल का? खिडकी थोडी उघडी ठेवीन.

नाही. या उत्तरात मी तडजोड करणार नाही. जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं जागेपणी कळतात, झोपेत नाही. खिडकीची फट हा त्यावरचा उपाय नव्हे. स्वयंपाक शक्यतो बाहेर करा. आत करावाच लागला तर दार उघडं, आणि झोपण्याआधी शेगडी पूर्ण बंद. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाआधी घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर ठेवायच्या कप्प्याला तळाशी बाहेर निघणारं भोक हवं.

शिवाय गॅस जळताना वाफही सुटते, आणि तुमच्या श्वासातूनही रात्रभर ओल येतच असते. सकाळी छतावरून थेंब पडतात ते त्याचेच. ऊब हवी तर चांगली स्लीपिंग बॅग, डोक्याला टोपी, कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. आणि दोन बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या. होय, थंडीतही.

प्रश्न: शौचालयाचं काय?

झाकणाची बादली, आत जाड पिशवी, वर लाकडाचा भुसा. लघवी वेगळ्या बाटलीत. दोन्ही एकत्र झालं की वास येतो. रिकामं करायचं ते त्यासाठीच्या जागी, झुडपात नव्हे. आठवड्याभरात संकोच जातो.

प्रश्न: डोक्यावर आधीच कर्ज आहे. भाडं वाचेल म्हणून आणखी कर्ज काढून व्हॅन घ्यावी का?

नको. भाडं नाहीसं होत नाही, ते इंधन, विमा, दुरुस्ती, आंघोळ आणि कपडे धुणं यांत वाटलं जातं. विम्याच्या कंपनीला तुम्ही गाडीत राहता हे खरं सांगावं लागतं. लपवलंत तर दावा नाकारला जाऊ शकतो. टपाल आणि बँकेसाठी कुणा नातेवाइकाचा पत्ता लागतो, त्यांना आधी विचारा. एवढं करून हप्ता चुकला आणि गाडी ओढून नेली तर घरही तिच्याबरोबर गेलं.

तुमच्या पत्रात जुन्या गाडीचा उल्लेख आहे. तिची मागची सीट काढून पाय लांब करता येतात का, ते या रविवारी बघा. येत असतील तर दोन रात्री तिच्यात झोपा आणि मग मला परत लिहा.