‘ओकिमोनो’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: लिलावांच्या कॅटलॉगमध्ये ‘ओकिमोनो’ म्हणून येणाऱ्या जपानी ब्राँझच्या हत्ती-वाघांना मराठीत ‘कांस्यमूर्ती’ म्हटलेलं चालेल का?

मूर्ती नको. मूर्ती म्हटलं की पूजा आली, आणि पुतळा म्हटलं की चौकातला माणूस. ‘ओकु’ म्हणजे ठेवणं, मांडणं. ‘मोनो’ म्हणजे वस्तू. मूळची ही तोकोनोमात, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात, मांडायची चीज. १८७६ मध्ये जपानमध्ये उघडपणे तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारीचा साज घडवणाऱ्यांचं गिऱ्हाईक गेलं. त्यातले बरेच कारागीर निर्यातीच्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. गेनर्युसाई सेइया या ब्राँझ-कारागिराचे वाघांशी झुंजणारे हत्ती याच निर्यातीच्या बाजारातले. सुझुकी चोकिची यांचे बारा बाज पक्षी तर १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठीच घडवले होते.

‘मांडणशिल्प’ हा शब्द अर्थाने तंतोतंत बसला असता, पण तो आता इन्स्टॉलेशनसाठी रुळला आहे. इथे वापरला तर वाचक दालनभर पसरलेली रचना शोधत बसेल. म्हणून पहिल्यांदा ‘ओकिमोनो, म्हणजे शोभेचं ब्राँझशिल्प’ असं लिहावं, पुढे नुसतं ओकिमोनो.

‘कांस्य’ चुकीचं नाही, तरी मी ब्राँझच लिहीन. कांसं म्हटलं की आपल्याला काशाची वाटी आठवते. तिच्यात तांबं आणि भरपूर कथील. जपानी ओतकामात बहुधा शिसंही असतं. त्याने रस चांगला वाहतो आणि कातडीच्या सुरकुत्या, पिसांच्या कडा साच्यात नीट उतरतात.

खरी फसगत धातूंच्या नावांची, त्यातही ‘शाकुदो’ची होते. शब्दशः अर्थ ‘लाल तांबं’, पण तसं भाषांतर केलं तर वाचक लाल वस्तू शोधेल. हा तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोनं घातलेला मिश्रधातू. रोकुशो नावाच्या ताम्रक्षाराच्या द्रावणात उकळला की निळसर काळा होतो. तेव्हा शाकुदोच ठेवा. ‘शिबुइची’ म्हणजे ‘चौथा हिस्सा’. तो हिस्सा चांदीचा, बाकी तांबं, आणि रंग करडा. प्रत्यक्षात चांदीचं प्रमाण कमीजास्त असतं, त्यामुळे त्याचंही ‘चौथाई’ करू नये.

या रंगाच्या थराला, पॅटिनाला, ‘कळंक’ किंवा ‘गंज’ म्हणणं तर नुकसानकारक आहे. कळंक म्हटला की कुणीतरी चिंच घेऊन घासायला बसतं, आणि तो थर तर कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. एकदा निघाला की घरी परत चढत नाही. ‘रंगथर’ लिहा, धूळ मऊ ब्रशने झटकायची, एवढंच.