कंपनी रात्रीतून आपल्या राउटरमध्ये शिरून अपडेट करू शकते का, आणि ते बंद करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की पहाटे राउटर आपोआप बंद होऊन चालू झाला, सकाळी बघितलं तर वायफायचं नाव परत कंपनीचं जुनं झालेलं, तुम्ही टाकलेला पासवर्ड गेलेला, आणि कस्टमर केअरने "अपडेट आलं होतं" एवढं सांगून फोन ठेवला. तर हो, शिरता येतं. आणि माझं मत आधीच सांगतो, अपडेट बंद करू नका, पण न सांगता केलं म्हणून भांडा मात्र जरूर.

मी सोलापूरचाच, सहा वर्षं एका केबलवाल्याकडे फायबरच्या लाइनीवर होतो, आता कॅमेरे आणि नेटचं स्वतःचं काम करतो, त्यामुळं हे दोन्ही बाजूनं बघितलंय.

आपल्याला वाटतं कंपनीचा माणूस बाहेरून आपल्या डब्यात घुसतो, पण बहुतेक वेळा उलटं असतं, आपला डबाच कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो. या पद्धतीला टीआर-069 म्हणतात, 2004 साली आली, आणि पलीकडच्या सर्व्हरला एसीएस. राउटर चालू झाला की, आणि मग ठराविक वेळानं, तो एसीएसला कळवतो की मी अमुक मॉडेल, माझ्यात अमुक व्हर्जन आहे, काही काम आहे का? काम असलं की सर्व्हर सांगतो, ही फाइल उतरव, ही सेटिंग बदल, रीस्टार्ट हो, नाहीतर फॅक्टरी रीसेट हो. कंपनीला घाई असली तर ती बाहेरून राउटरला एक टिचकी मारते, बहुतेक 7547 नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवरून डब्यात यायचं एक नंबर दिलेलं दार), की मला लगेच फोन लाव, आणि मग राउटर स्वतःच बोलणं सुरू करतो. फायबरच्या डब्यात आणखी एक रस्ता असतो, ओएमसीआय नावाचा, तो थेट फायबरच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या मशीनशी बोलतो, त्याला इंटरनेट चालू असायचीही गरज नाही.

यातून कंपनीला वायफायचं नाव बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, घरात कुठली कुठली डिव्हाइस जोडलीयत ती यादी दिसते. तुमचे व्हॉट्सॲपचे मेसेज यातून वाचता येत नाहीत, ती भीती मनातून काढा, ते एनक्रिप्ट होऊनच जातात.

आता तुमच्या नावाचं आणि पासवर्डचं काय झालं असेल. नुसतं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं तर सेटिंग सहसा तशाच राहतात. पण नव्या व्हर्जनला जुनी सेटिंगची फाइल वाचता आली नाही, किंवा कंपनीनं अपडेटसोबत रीसेटही पाठवला, किंवा एसीएसमध्ये तुमच्या नावापुढं जुनंच वायफाय नाव नोंदलेलं होतं आणि तेच परत ढकललं, की झालं, सगळं पहिल्या दिवसासारखं.

याचा त्रास किती होतो ते कॉल सेंटरला कळत नाही म्हणून एक प्रसंग सांगतो. मागच्या मे महिन्यात जुळे सोलापूरमधलं एक घर, आजी पॅरालिसिसनं अंथरुणावर, आजोबांना कानानं कमी ऐकू येतं, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं माझ्याकडून आजीच्या खोलीत एक कॅमेरा बसवून घेतलेला, सकाळी उठल्या उठल्या आधी तो बघतो. त्या रात्री असंच अपडेट आलं, वायफायचं नाव बदललं, कॅमेरा जुनं नाव शोधत बसला. मुलाला साडेसहाला स्क्रीनवर नुसतं ऑफलाइन. वडिलांना वीस फोन केले, त्यांना ऐकू आले नाहीत. मग त्यानं मला लावला, आवाज असा होता की मी काही न विचारता गाडी काढली, सात रस्त्यावरून सुसाट गेलो. आजोबा चहा टाकत होते, आजी झोपलेली होती, सगळं ठीक. ते मला म्हणाले, "काय झालंय ओ, एवढ्या सकाळी?" मी नाव-पासवर्ड आधीसारखं टाकलं, दहा मिनिटांचं काम, कॅमेरा लागला, पोरानं आईचा चेहरा बघितला आणि फोनवर रडायलाच लागला. कंपनीला विचारलं तर उत्तर, "सर, आमच्याकडून लाइन नॉर्मल दिसतेय." रिचार्ज संपायच्या आधी तीन तीन मेसेज येतात, मग आदल्या दिवशी एक मेसेज पाठवायला काय हरकत होती? मला याचा आजही राग येतो.

तरीपण अपडेट बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, कारण न अपडेट केलेले डबे काय करतात तेही बघितलंय. 2014 च्या डिसेंबरमध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं दाखवलं की जगात 1 कोटी 20 लाखांच्या आसपास राउटरमध्ये एक भोक आहे, आणि त्याची दुरुस्ती 2005 सालीच झालेली होती! नऊ वर्षं दुरुस्ती तयार, पण घराघरातल्या डब्यात ती कुणी पोचवलीच नाही. आपल्या शेजारी कर्नाटकात जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या मोडेमांवर हल्ला झाला, पासवर्ड ॲडमिनचं ॲडमिनच ठेवलेले मोडेम बळी पडले. घरातला माणूस स्वतः उठून फर्मवेअर टाकणार नाही हो, सूत गिरणीतून रिटायर झालेल्या माणसानं ते का म्हणून शिकावं, ते काम कंपनीनंच करायला पाहिजे.

पण हा रस्ता उघडा टाकला तर चोरही त्याच रस्त्यानं येतो. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांचं नेट, फोन अडकलं, कारण हल्लेखोर जगभर 7547 पोर्ट ठोठावत फिरत होते आणि त्या माऱ्यानं यांचे राउटर कोसळत होते. आणि उपाय काय केला? कंपनीनं नवं फर्मवेअर काढलं, लोकांना सांगितलं राउटर बंद करून चालू करा, चालू झाला की नवं आपोआप उतरेल. म्हणजे दुखणंही त्याच दारातून आणि औषधही. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेत एका कंपनीचे 6 लाखांवर राउटर 72 तासांत मेले, कुणीतरी त्यांच्यातलं फर्मवेअरच बिघडवलं, ते दुरुस्त होईनात, बदलूनच द्यावे लागले. म्हणून एसीएस शिवाय दुसऱ्या कुणाला तो पोर्ट दिसू नये, आणि राउटरनं कंपनीची सही असलेलीच फाइल घ्यावी, या दोन गोष्टी कंपनीनं पाळल्याच पाहिजेत.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून (डब्याच्या मागच्या स्टिकरवर असतो तो पत्ता) वायफायच्या पानाचा, आणि कॅमेऱ्याला फिक्स आयपी (नेटवर्कमधला न बदलणारा पत्ता) दिला असेल तर त्याही पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उद्या उडालं तर दहा मिनिटांत परत बसवता येतं. त्यातच कुठं टीआर-069 दिसलं तर ते बंद करू नका, बऱ्याच ग्राहकांच्या लॉगिनला ते दिसतही नाही.

तुमच्या घरात कॅमेरे असतील, किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांसारखं बिलिंग, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारं मशीन) सगळं त्याच नेटवर असेल, तर सरळ स्वतःचा राउटर घ्या. ऑपरेटरला सांगा डबा ब्रिज मोडवर टाक (म्हणजे तो नुसती लाइन पुढं देतो, राउटरचं काम तुमचा राउटर करतो), पीपीपीओईचं, म्हणजे नेट कनेक्शनच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड मला दे, व्हीलॅन नंबर (लाइनवर कंपनीनं ठरवलेला नंबर) लागत असेल तर तोही दे. मग कंपनी त्यांच्या डब्यात काय करायचं ते करू दे, तुमचं वायफाय तुमच्या राउटरवर, त्याला हात लागत नाही. फक्त मग त्याचं अपडेट तुमच्या अंगावर, त्यात ऑटो अपडेट चालू ठेवा. ऑपरेटर ब्रिज द्यायला नाही म्हणाला तर कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून मागं तुमचा राउटर जोडा, घरगुती कामाला तेवढं पुरतं.

आणि आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून डब्याला एक 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. बऱ्याच फायबरच्या डब्यात फर्मवेअरच्या दोन प्रती असतात, नवी अर्धवट राहिली तर जुनीवर उठतो, पण जुनाट मॉडेल मध्येच लाइट गेली की कायमचं बसतं. पहाटे दिवे वेगळेच लुकलुकताना दिसले तर प्लग ओढू नका, पंधरा मिनिटं थांबा.

कस्टमर केअरला परत फोन करा, म्हणा की न कळवता रीसेट केलं अशी तक्रार नोंदवा, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर तोच डॉकेट नंबर देऊन कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2012 च्या नियमात ती सोय आहे. डब्याचं मॉडेल इथं टाका, ब्रिज कुठून होतो ते मी बघून सांगतो.