कारण सापडलं नाही, मग कोड कुठला?

प्रश्न : ताई, मी कसबा बावड्यात राहते, घरूनच अमेरिकन ओपीडीच्या चार्टचं मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड लावते. परवा एका चार्टवर 'क्रॉनिक कफ, १० आठवडे, एक्सरे नॉर्मल, प्रोबेबल अस्थमा' असं होतं, मी दम्याचा जे४५ मधला कोड लावला तर ऑडिटला एरर बसला. माझं चुकलं कुठं? दुसरं म्हणजे आमचे बाबा गुऱ्हाळावर असतात, महिना झाला खोकतायत, पण डॉक्टरांनी केसपेपरवर नुसतं 'खोकला' लिहून गोळ्या दिल्या. असं चालतं काय?

उत्तर : एरर बरोबरच बसलाय बघ. तिकडच्या ओपीडीला 'प्रोबेबल', 'सस्पेक्टेड' असलं काही लिहिलं असेल तर तो आजार कोड करायचा नाही, जेवढं पक्कं तेवढंच, म्हणजे इथं खोकला. (इंग्रजीतला 'कफ' म्हणजे खोकला, आपल्याकडं कफ म्हणजे बेडका, सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होतो.) पूर्वी खोकल्याला नुसता आर०५ चालायचा, १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याचे तुकडे झाले, अक्यूट म्हणजे नव्या खोकल्याला आर०५.१, सबअक्यूट म्हणजे मधल्याला .२, क्रॉनिक म्हणजे जुनाट खोकल्याला .३, आणि कारण न सापडलेला खोकलासुद्धा त्याच .३ खाली नावानिशी दिलाय, त्यामुळं तुझ्या चार्टला आर०५.३. पण डॉक्टरनं 'क्रॉनिक' लिहिलंच नसेल तर आठवडे मोजून आपण ठरवायचं नाही, क्वेरी टाक, म्हणजे डॉक्टरलाच विचार, नाहीतर आर०५.९, म्हणजे प्रकार न सांगितलेला खोकला. पुढं दमा पक्का झाला की मग जे४५, खोकला वेगळा धरायचा नाही.

आता बाबांचं. 'खोकला' लिहिणं चूक नाही, उगंच 'ब्रॉन्कायटिस' खरडण्यापेक्षा प्रामाणिकच म्हणायचं, पण नुसता एक शब्द लिहून भागत नाही. किती दिवस झाले, सुका का बेडका पडतो, रात्री वाढतो का, रक्त, वजन, बिडी, आणि बाबा चुलवाणाला चिपाडं घालायला धुरात बसतात ते, हे कागदावर यायला पाहिजे, म्हणजे पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करणार नाही. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं नावही सांगा, एनालाप्रिल, रामिप्रिलनं सुका खोकला लागतो, आणि हे विचारायचं हमखास राहून जातं. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबीची तपासणी करायचीच, सरकारी दवाखान्यात फुकट होते. डबीत थुंकी नको, सकाळी उठल्याउठल्या छातीतनं खाकरून आलेला बेडका पाहिजे.